झाकणावरचा चिंचोका

जाऊबाई, परवा आमटी खारट झाली.

तुम्हाला जाऊन तेवीस दिवस झालेत. परवा चुलीपाशी माझ्याशिवाय कुणी नव्हतं, मांजरसुद्धा नव्हतं. ज्वारीत दाणे भरताहेत म्हणून पुरुषमाणसं पाखरं राखायला रानात, मुलं शाळेत, आणि आत्याबाई शेजारच्या घरी बसून माझी गाऱ्हाणी सांगत होत्या. तरी आमटी खारट झाली. दुपारी मामंजींनी पहिल्या घासाला डोळे मिटले, तांब्याभर पाणी प्यायले आणि वाटी ताटाबाहेर ठेवली. भाऊजींनी, तुमच्या मालकांनी, मान खाली घालून सगळी संपवली.

मी लगेच तुमच्याकडे बघितलं. म्हणजे तुम्ही भाकरी थापायला बसायचात त्या जागेकडे. नऊ वर्षांची सवय आहे, ती तेराव्याला संपत नाही.

सध्या तुमच्याबद्दल सगळे चांगलंच बोलताहेत. मेल्या म्हशीला मणभर दूध म्हणतात, तसं काहींचं चाललंय. तुम्हाला आयुष्यभर बावळट म्हणणारी चुलतसासूसुद्धा परवा पदर डोळ्याला लावून गेली. मी सातवी पास, म्हणून नातेवाइकांना कळवायची कार्डं मीच लिहिली आणि कोपरे फाडून टपालात टाकली. त्यात लिहायचं ते सगळं लिहून झालं. हे त्यातलं नाही. हे आपल्या दोघींमधलं आहे, आणि यात मला तुमच्याकडून खुलासा हवा आहे. तो मिळणार नाही हे ठाऊक असून मागतेय.

आधी माझी बाजू ऐका. माझ्या माहेरी, नगरला, फडताळाला कुलूप असायचं आणि किल्ली आईच्या कमरेला. दुधावर झाकण, झाकणावर वरवंटा. माणूस वाईट नसतो, उघडं भांडं त्याला वाईट करतं, असं आई म्हणायची. आणि तुमचं माहेर शिंगणापूर. घराला दार नाही, पेटीला कडी नाही. लग्न होऊन या घरात, मिरजगावला, आलात तेव्हा तुम्ही म्हणे आत्याबाईंना विचारलंत, दाराला एवढं लाकूड कशापायी घातलंय, दोन खाटा झाल्या असत्या. हे सांगून सगळे हसायचे. मला नाही हसू आलं. मला वाटलं, जी बाई इतकी साधी दिसते ती इतकी साधी असणार नाही.

अशा आपण दोघी एका चुलीला बांधल्या गेलो. तुम्ही भाकऱ्या थापायच्या, आमटी माझ्याकडे. माझ्याकडे का, तर मी शहरातली, माझ्या हाताला चव असणार असं आत्याबाईंना वाटलं. तुम्ही लगेच कबूल झालात. तेव्हाच मनात आलं की हिला माझी फजिती बघायची आहे.

आणि आपलं ते सकाळचं घर. बाहेरच्या कुणाला सांगितलं तर खोटं वाटेल. एक पोरगं दप्तर शोधतंय, दुसरं त्याच दप्तरावर बसलंय. मामंजी ओसरीवरून चाबूक कुठं गेला म्हणून ओरडताहेत, आणि चाबूक त्यांच्याच गळ्यात. आत्याबाईंच्या तोंडात मिसरी, म्हणून त्या फक्त हुंकार देणार आणि आपण अर्थ लावायचा. कालवड दावं तोडून आत येणार. हे अंगावर पाणी घेऊन धोतर धोतर करणार. या सगळ्यात मला डाळ शिजलेली बघायची, फोडणी द्यायची, मीठ टाकायचं. मी म्हणायचे, या घरात कधी दोन घटका शांतपणे एकमेकांकडे बघायला मिळणार नाही, आपण अशाच धावत मरणार. तुम्ही पीठ मळता मळता म्हणायचात, "धावतानी बी दिसतं की." मला ते टोमण्यासारखं लागायचं.

लग्नाच्या पहिल्याच वर्षी माझे वडील मला भेटायला आले. त्या दिवशी आमटी तोंडात धरवेना इतकी खारट झाली. वडिलांनी ती संपवली, वर तीन तांबे पाणी प्यायले. एसटीच्या थांब्यापर्यंत मी सोबत गेले तेव्हा म्हणाले, "पोरी, मिठाला हात जरा आखडता ठेव." आयुष्यात त्यांनी मला बोल लावला तो एवढाच. मी परतताना सारं आठवून बघितलं. मीठ मी एकदाच टाकलं होतं. अर्धी मूठ. माझी आठवण पक्की आहे, मला पाढे उलटसुलट येतात. मग मीठ वाढलं कसं? चुलीपाशी दुसरं कोण होतं?

त्या दिवसापासून मी तुमच्यावर नजर ठेवली. खोटं कशाला बोलू, नऊ वर्षांत मी नवऱ्याकडे बघितलं नसेल तेवढं तुमच्याकडे बघितलंय. तुमच्या डाव्या हाताच्या करंगळीचं नख वाकडं होतं. भाकरी तव्यावर टाकताना तुम्ही श्वास धरायचात. शेवटची भाकरी लहान झाली की ती तुमच्या ताटात जायची आणि वर तुम्ही म्हणायचात, मला लहानच आवडती. यावरही माझा विश्वास नव्हता.

पुरावे सापडत गेले. मी अंगणातून आत आले की तुम्ही आमटीच्या पातेल्यावर वाकलेल्या. "काय करताय?" म्हटलं की, "काय न्हाई, उतू जातीय का बगत हुते." दोन-तीनदा आमटीच्या तळाशी मला पिठाचा गाळ लागला. मी तो बोटात धरून वास घेतला, पण काही उमगेना. आमटीत पीठ कोण टाकतं?

मग तो पोळा आला. कटाची आमटी होती. पुरुषांची पंगत बसलेली, बैल रंगवून अंगणात उभे. मी वाढायला पळी घातली आणि पळीत आला कणकेचा गोळा, लिंबाएवढा, अर्धवट शिजलेला. आमटी चाखून बघितली तर खारट. मी ती पळी तशीच हातात धरून पंगतीसमोर गेले. "बघा," म्हटलं, "मी डाळ शिजवते आणि त्यात हे निघतं." करणी हा शब्द मी उच्चारला नाही. दुसऱ्या कुणी उच्चारावा म्हणून थांबले. आत्याबाईंनी उच्चारला.

सगळे तुमच्याकडे बघत होते. तुमचे हात पुरणानं भरलेले. तुम्ही माझ्याकडे बघितलंत, मग भाऊजींकडे, आणि खाली. शिंगणापूरच्या माणसाला शनिदेवाची शपथ घ्यायला कितीसा वेळ लागतो? तुम्ही घेतली नाहीत. मी मनात म्हटलं, झालं, चोर सापडला. खरा असता तर शपथ घेतली असती.

आत्याबाईंनी निकाल दिला, "आजपस्नं थोरलीनं मिठाला हात लावायचा न्हाई." तुम्ही हात धुतलेत आणि बैलांना घास भरवायला बाहेर गेलात. त्या दिवशी तुम्ही बैलांपाशी बराच वेळ उभ्या होतात.

पाच वर्षं तुम्ही मिठाला हात लावला नाहीत. घरातल्या थोरल्या सुनेनं चटणी वाटताना धाकटीला हाक मारायची, "धाकटे, मीठ घाल गं." मीठ हातावर देऊ नये, भांडण होतं, म्हणून मी बरणीच्या झाकणावर दोन खडे ठेवून झाकण तुमच्याकडे सरकवायचे. तेसुद्धा मोजून मापून. आल्यागेल्या बायका बघायच्या. सुली, तुमची लेक, एकदा म्हणाली, "आई, तुला मिठाचा इटाळ हाय का?" तुम्ही हसलात. मला ते हसूही बनेल वाटलं.

आमटी मात्र सुधारली. मी म्हटलं, बघा, बंदी लागू पडली.

पण तुम्हाला एक नवीन खोड लागली. मी ऐन घाईत असले, पातेलं रटरटत असलं, की तुम्ही बाहेरून हाक मारायचात: "धाकटे, हिकडं ये, बघ." आधी मी येत नसे. मग तुम्ही पुन्हा मारायचात, पुन्हा मारायचात, थांबायचातच नाही. शेवटी मी पळी हातात घेऊन तणतणत बाहेर यायचे.

एकदा बाहेर आले तर आपला बाळू, माझा धाकटा, गोठ्यात कालवडीचं शेपूट धरून उभा. तोवर तो उभा राहत नव्हता. कालवड एक पाऊल पुढे झाली आणि हा एक पाऊल पुढे झाला. ती दुसरं टाकी, हा दुसरं टाकी. असे दोघे गव्हाणीपर्यंत गेले. माझ्या मुलाचं पहिलं पाऊल मी बघितलं, ते असं.

एकदा ओसरीच्या मागच्या बाजूला मामंजी आणि आत्याबाई गुळाच्या एका खड्यावरून भांडत होते. दोघांना गूळ वर्ज्य नव्हता, फक्त खडा एकच होता. आत्याबाईंनी तो अडकित्त्यानं फोडला, मोठा तुकडा मामंजींच्या हातावर आपटला आणि म्हणाल्या, "गिळा." मामंजींनी तो पुन्हा फोडला आणि अर्धा परत दिला. ज्या दोघांना मी कधी धड बोलताना बघितलं नव्हतं, ते दोघं भिंतीला टेकून गूळ चघळत बसले.

आणि गेल्या वर्षीच्या दुष्काळात, हे आणि भाऊजी खडी फोडायला जायचे तेव्हाची गोष्ट. घरात रेशनवरच्या तांबड्या मिलो ज्वारीच्या भाकऱ्या, विहीर कोरडी, कुणाच्या तोंडावर हसू नाही. सुट्टीच्या दिवशी तुमची हाक आली. मी बाहेर आले तर हे खाटेवर तोंड उघडं टाकून झोपलेले, आणि पाचही पोरं त्यांच्या हाताला चिकटलेली. मंदानं, माझ्या थोरलीनं, तेलाची वाटी घेतली होती आणि ती एकेका फोडाला तेल लावत होती. बाकीची फुंकर घालत होती. हे झोपेतच हसले. मी तिथं किती वेळ उभी होते कोण जाणे.

असं खूप आहे. पण त्या प्रत्येक वेळी काय व्हायचं सांगू? घडीभर मी बघायचे, मग माझ्या डोक्यात यायचं, हिनं मला बाहेर का काढलं? आणि मी आत पळायचे. कधी तुम्ही तिथेच माझ्याशेजारी उभ्या असायचात, कधी माझ्या आधी आत पोचलेल्या असायचात आणि पातेल्यापाशी असायचात. म्हणजे मला बाहेर काढून तुम्ही आत काहीतरी करता, याबद्दल माझी खात्री होती. मिठाला हात लावत नाही म्हणून काय झालं, करायला आणखी काय थोडं असतं?

तुम्ही मला कितीदा म्हणालात, "जाऊबाई काय म्हनतीस, अक्का म्हन. अगंतुगं केलंस तरी माझं काय झिजनार हाय?" मी केलं नाही. मला वाटायचं, मी अगं म्हणायची खोटी, तुम्ही आत्याबाईंना जाऊन सांगणार की धाकटी मान ठेवत नाही. आता आत्याबाईंनाच विचारलं, तर त्या म्हणाल्या, तुम्ही माझ्याबद्दल एक शब्दही कधी सांगितला नाहीत. यावर विश्वास ठेवायला मला अजूनही जड जातंय.

तुमचा ताप वाढला तेव्हा खाट ओसरीवर आणली. तुम्हाला उठवत नव्हतं, तरी तिथून हाक यायचीच. "धाकटे, हिकडं ये, बघ." मी आले तर तुम्ही बोट करायचात: कौलावर चिमणी, सुलीच्या दप्तरावर झोपलेलं मांजर. आवाज पार बसला होता. मला राग यायचा की पडल्या पडल्या यांचं काय चाललंय, आणि मी यायचेही.

शेवटच्या आठवड्यात मी तुम्हाला पेज आणली. तुम्ही एक घोट घेतलात आणि तळहात पुढे केलात. "अळणी हाय. मीठ दे."

मी झाकण आणायला वळले.

"झाकान नगं," तुम्ही म्हणालात. "दे की हातावर. आपलं भांडान काय आता नवं हुनार हाय?"

मी दिलं नाही. मी वाटीत टाकलं आणि ढवळलं. तुमचा हात तसाच उघडा होता थोडा वेळ. मग तुम्ही हसलात आणि तो पांघरुणात घेतलात. मला वाटलं, मरायच्या आधी हिला माझ्यावर काहीतरी ढकलून जायचंय. असं वाटलं मला. वाटलं ते वाटलं.

दहाव्याला कावळा लगेच शिवला. बायका म्हणाल्या, भाग्याची, कशात जीव अडकला नाही. मला तेही खटकलं. दोन लेकरं मागे ठेवून, पाच वर्षांचा आळ माथ्यावर घेऊन गेलेल्या बाईला आमच्याकडून काहीच वदवून घ्यायचं नव्हतं? मी मनात वाक्य तयार ठेवलं होतं. कावळा अडला असता तर म्हणणार होते. त्यानं मला वेळच दिला नाही.

आणि मग परवाची आमटी.

आधी मला वाटलं शेजारीण आत येऊन गेली. मग वाटलं, मिठाचं वाण खारट निघालं. मीठ खारट निघालं, असं मी स्वतःशी म्हणाले, जाऊबाई, यावरून माझी दशा ओळखा. काल सकाळी उठून मी सापळा लावला. आईनं शिकवलेलाच. आमटीत अर्धी मूठ मीठ टाकलं, बरणीचं झाकण घट्ट बसवलं, आणि झाकणावर एक चिंचोका ठेवला. कुणीही बरणी उघडली तर चिंचोका पडणार. मग बाजूला बसून भाकऱ्या थापायला घेतल्या, कारण आता भाकऱ्याही माझ्याकडेच.

काल बाजारचा दिवस, सगळे घरात. नेहमीचा गोंधळ. बाळूनं ताकाचं भांडं सांडलं, ते पुसलं. आत्याबाईंनी हुंकार दिला, त्याचा अर्थ लावला. मंदाची वेणी सुटली. एक भाकरी करपली. मी घाम पुसला, आमटीकडे वळले, बरणीकडे हात नेला. झाकणावर चिंचोका. मी चिडले. हा चिंचोका इथं कुणी ठेवला, असं मोठ्यानं म्हणाले, तो उचलून राखेत टाकला, झाकण काढलं आणि मूठ भरली.

मूठ बरणीतच राहिली. मी तशीच उभी होते. भाकरी तव्यावर जळत होती, तरी मी उभीच होते.

कुणी हाक मारली नाही.

मग मी मीठ परत बरणीत टाकलं आणि गोठ्यात गेले. भाऊजी दावं वळत बसले होते. नऊ वर्षांत मी त्यांच्याशी नऊ वाक्यंसुद्धा बोलले नसेन, थोरला दीर, पदर पुढे ओढायचा आणि बाजूनं जायचं. काल पदराचं भान नव्हतं.

"भाऊजी, एक विचारू?"

"इचारा." त्यांनी दाव्यावरची नजर उचलली नाही.

"आमटीत मीठ दोनदा कोण टाकायचं, तुम्हाला ठाऊक होतं?"

ते पीळ देत राहिले. एक वेढा, दुसरा वेढा.

"व्हय," म्हणाले.

"कधीपासून?"

"पोळ्याच्या आदीपासनं. ती कनकेचा गोळा टाकायची. खारट झालं की गोळा मीठ वढून घेतो. जेवायच्या आत काडून टाकायची. त्या दिशी ऱ्हाऊन गेला."

माझ्या आईकडे आमटी कधी खारट झाली नाही, म्हणून त्यावरचा उतारा मला माहीतच नव्हता. बघा, माहेरची ऐट कुठं नडली.

"मग त्या दिवशी तुम्ही बोलला का नाहीत? त्या का बोलल्या नाहीत?"

"तिनं डोळ्यानं नगं म्हनलं. मागनं म्हनाली, बापासमोर खारट आमटी झाली तर धाकटी वरीसभर जळत बसली. आता पंगतीत कळलं की आपुनच करतो, तर पुन्यांदा मान वर करायची न्हाई. माझं काय, माझी मान जाड हाय." भाऊजींनी दाव्याला पीळ दिला. "शपत घेतली असती तर मग दुसरं कोन, ते हुडकावं लागलं असतं."



"मग हाका कशाला मारायच्या?"

"तुमी दुसऱ्यांदा बरनीकडं वळला की मारायची. नाद मोडाया. पन हाक मारायची तर काय तरी दावाया पायजे. रिकामी हाक मारली तर तुमास्नी संशय येनार." त्यांना जरा हसू आलं, आणि लगेच ते गेलं. "म्हनून सकाळपासनं हुडकत असायची. अंगान झाडतानी, पानी आनतानी. म्हातारा काय करतोय, कंचं पोरगं काय करतंय. मला म्हनायची, आज एक घावलंय धाकटीला दावाया, तवर पोराला उठवू नगा."

मी तिथंच रडले, थोरल्या दिरासमोर. ते दावं वळत राहिले, आणि त्यांच्याही हातातला पीळ उलटा पडत होता.

पण मी तुम्हाला सोडणार नाही. तुम्ही मला पाच वर्षं वेडी बनवलंत. माझ्या हातून तुमचा अपमान करवून घेतलात, रोज, झाकणावरून. एकदा कानात सांगितलं असतंत तर मी भांडले असते, रुसले असते, माहेरी गेले असते, आणि परत आले असते. तुम्ही मला तेवढीही धड समजला नाहीत. आणि मला असंही वाटतं की तुम्हाला त्यात मजा यायला लागली होती. धाकटी पळी घेऊन तणतणत येते आणि मग उभीच राहते, हे बघायला तुम्हाला आवडायचं. हा माझा शेवटचा संशय आहे, आणि हा खरा असावा अशी माझी फार इच्छा आहे.

काल दुपारी पंगत बसली तेव्हा मी पोळ्याच्या दिवशी उभी होते तिथंच जाऊन उभी राहिले. सगळ्यांसमोर सांगितलं, मीठ मीच दोनदा टाकत होते, जाऊबाईंनी कधीच टाकलं नाही, गोळा आमटी वाचवायला होता, आणि त्यांच्यावर घेतलेला आळ खोटा होता. मामंजींचा घास हातातच राहिला. हे माझ्याकडे बघत होते. सुलीनं मान खाली घातली. मला वाटलं आत्याबाई आता मला झोडपणार, आणि झोडपावं असंच मला वाटत होतं. त्यांनी पदरानं नाक पुसलं. मग म्हणाल्या, "मंग आता तुला हाक कोन मारनार?"



हे आज सकाळचं. पुन्हा तेच, दप्तर, चाबूक, धोतर. आमटी रटरटत होती. मी बरणीकडे वळले. मीठ टाकलं होतं का? आठवेना. पाढे येतात, पण हे आठवेना. मूठ भरून मी थांबले आणि कान देऊन ऐकलं. मग मूठ तशीच मिटून मी आपणहून दारापर्यंत गेले.

ओसरीच्या पायरीवर भाऊजी बसले होते आणि त्यांच्यापुढे सुली. ते तिची वेणी घालत होते. दावं वळतात तशीच, तीन पदर घट्ट पीळ देऊन. वेणी पाठीवर न पडता आडवी उभी राहिली होती, शिंगासारखी. सुली आरशात बघत होती, हसू दाबत होती, पण वडिलांना काही म्हणत नव्हती. वेणी झाल्यावर त्यांनी रिबिनीला निरगाठ मारली, बैलाच्या कासऱ्याला मारतात ती, आणि लांब होऊन बघितलं. "जमली का?" म्हणाले. "जमली," ती म्हणाली.

मी बघत राहिले. आत पळावंसं वाटलं नाही, आत कुणी नव्हतं. हातातलं मीठ घामानं ओलं झालं होतं. मी मूठ उघडली आणि तो हात पुढे केला, तुझी खाट असायची त्या बाजूला.

अगं अक्का, हिकडं ये, बघ.